रडायचं, पण ऐकू आलं पाहिजे

संहितेच्या ४१व्या पानावर, माझ्या संवादाच्या मध्यावर, कंसात दोन शब्द होते: ती रडते. लिहिणारा आमच्याच मंडळातला, बँकेतून घरी आल्यावर रात्री लिहीत बसणारा. त्याला ते दोन शब्द लिहायला किती वेळ लागला असेल? मला ते करायला सव्वादोन महिने लागले.

सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे आणि गेली अकरा वर्षं मी हौशी नाटकांत काम करते. त्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही २०१९च्या महापुरावरचं नाटक घेतलं होतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तो ऑगस्ट. सांगलीत त्याबद्दल कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. नाटकाला येणाऱ्या कितीतरी जणांच्या भिंतींवर त्या पाण्याची रेघ नव्या रंगाखालून अजून दिसते.

माझी भूमिका नदीकाठच्या गावातल्या सुनेची. नवरा गोठ्यातली जनावरं सोडायला म्हणून मागे फिरतो आणि परत येत नाही. दुसऱ्या अंकात पाणी ओसरलंय, सासू-सून घरी आल्यात, दारात तलाठी पंचनाम्याला उभा आहे आणि ही त्याला नुकसान सांगतेय. दोन म्हशी. एक रेडकू. ज्वारीची चार पोती. शिलाई मशीन. अशी दीड पानांची यादी, आणि त्या यादीच्या मधोमध तो कंस.

"बाईमाणसाला रडायला काय शिकवायचं असतंय व्हय?" तलाठ्याचं काम करणारा पहिल्याच वाचनाला म्हणाला. मला राग आला, पण खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. मी परक्याच्या लग्नात मुलीच्या पाठवणीला रडते. टीव्हीवर कुणीतरी बक्षीस जिंकलं तरी रडते. पण "हां, इथं रड" असं म्हटल्यावर डोळे असे कोरडे पडले की पापण्या मिटताना आवाज यावा.

पहिले आठ दिवस मी दुकानातली कपाटंच धुंडाळली. कोरड्या डोळ्यांसाठी 'कृत्रिम अश्रू' म्हणून थेंब मिळतात, त्याची १० मिलिलिटरची बाटली मी जवळजवळ रोज कुणाला ना कुणाला देते. ते घालून पाहिलं. पाण्यासारखं पातळ, घातलं की दोन पापण्या हलवेपर्यंत ओघळून मोकळं. मग ग्लिसरीन. सिनेमातलं रडणं म्हणजे ग्लिसरीन, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते चालतं कसं, हे मात्र मीही तेव्हाच नीट बघितलं. गालावर ठेवलेला थेंब घट्ट असतो, लगेच खाली पळत नाही, दिव्यात चमकतो, कॅमेऱ्याला हवा तितका वेळ जागा धरून बसतो. आणि डोळ्याच्या कडेला लागलं तर ग्लिसरीन पाणी ओढून घेतं, डोळा चुरचुरतो आणि स्वतःचं पाणी सोडायला लागतो. टाचांना लावायची बाटली डोळ्यांपाशी न्यायची नाही, हे मी गिऱ्हाइकांना शंभर वेळा सांगते. स्वतःला एकदाही सांगितलं नाही. रात्री शटर अर्धं ओढून आरशासमोर उभी राहिले आणि घरी गेले तर नवरा विचारतो, "डोळे आलेत का गं?"

त्यानंतर बाम. मेंथॉलची एक कांडी मिळते, लिपस्टिकसारखी, खास रडण्यासाठी. डोळ्यांखाली फिरवायची आणि तिची वाफ वर चढते. आपल्याकडे काम बामवरच भागतं. डोळ्यापासून बोटभर खाली, हाडावर, मुगाच्या डाळीएवढा. बुबुळाच्या पडद्यावर गारवा ओळखणाऱ्या नसा असतात, त्यांना मेंथॉल फसवतं आणि डोळा भरतो. पाणी आलं, भरपूर आलं. पण सगळ्या तालमीच्या हॉलला सर्दीचा वास सुटला. सासूचं काम करणाऱ्या बाईंना मी मिठी मारायची होती. त्या कानाशी पुटपुटल्या, "सगळं घर वाहून गेलं, बाम तेवढा वाचला होय?" त्या दिवशीची तालीम तिथेच संपली.

जांभई दाबणं हा त्यातल्या त्यात सभ्य उपाय. ओठ मिटून ठेवायचे आणि आत जांभई येऊ द्यायची. डोळ्यांत पाणी येतंच. फक्त नाकपुड्या फुगतात आणि बघणाऱ्याला वाटतं, बाईला पंचनाम्याचा कंटाळा आलाय. दिव्याकडे पापणी न हलवता टक लावून बघणंही करून झालं.

प्रॉम्प्टिंगला बसणाऱ्या काकू निवृत्त संस्कृत शिक्षिका. माझी ही थेरं आठवडाभर बघून त्या एके दिवशी नाट्यशास्त्राचा सातवा अध्याय घेऊन आल्या. भरताने आठ सात्त्विक भाव सांगितलेत, त्यांत 'अश्रू' येतात, एवढं मला शाळेच्या पाठांतरासारखं माहीत होतं. अश्रू कशाकशाने येतात याची यादीही तिथे आहे, हे माहीत नव्हतं. आनंद, चीड, धूर, अंजन, जांभई, भय, शोक, पापणी न लववता बघणं, थंडी, रोग. मी थक्क झाले. आठ दिवसांत मी जे जे लावलं, फुंकलं, दाबलं, ते सगळं त्या यादीत होतं. ज्या एका कारणासाठी मला रडायचं होतं तो शोक सातव्या नंबरावर, धूर आणि जांभईच्याही मागे. काकू म्हणाल्या, क्रमाला अर्थ नाही, वृत्तात बसवलंय. असेल. पण त्याच अध्यायात, त्या यादीच्या जरा आधी, असंही म्हटलंय की दुःख म्हणजे रडणं, आणि ज्याला दुःख झालेलं नाही तो ते कसं दाखवणार? त्यासाठी मन एकाग्र हवं, भलतीकडे गुंतलेल्याला हे जमत नाही. हे वाचलं आणि मला वाटलं, सापडलं. आता बाम बंद.

आमचे दिग्दर्शक एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. बामबद्दल ते एवढंच म्हणाले, "चोक वढून गाडी चालू होत्या. पळत न्हाई." आणि मला हॉलच्या शेवटच्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं. समोर तलाठ्याला खुर्चीवर बसवलं, त्याच्या डोळ्यांखाली माझाच बाम लावला. पोरगा ढळाढळा रडत होता. "दिसतंय पाणी?" दादांनी विचारलं. दिसत नव्हतं. बारा-तेरा पावलांवरून गालावरचा थेंब दिसत नाही. त्याचे खांदे दिसत होते, आणि ते अगदी आरामात होते.

तरीही मी हट्टाला पेटले. पाणी दिसत नसलं तरी ते खरं यायला हवं, मग बाकीचं आपोआप येईल, असा माझा हिशेब. म्हणून बाबांकडे वळले.

बाबा २०१७मध्ये गेले. दवाखान्यातून त्यांच्या वस्तू मला एका पारदर्शक पिशवीत मिळाल्या होत्या: घड्याळ, डायरी, चष्मा. चष्म्याच्या उजव्या भिंगावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. चष्मा काढताना भिंगालाच धरायची त्यांना सवय, आई आयुष्यभर त्यावरून बोलायची. तालमीआधी मी पाच मिनिटं कोपऱ्यात पाठ करून बसायचे आणि ती पिशवी डोळ्यांसमोर आणायचे. चेहरा आठवायचा नाही, प्रसंग आठवायचा नाही. पिशवीचा आवाज, काडीला चिकटलेली पट्टी, आणि मग ठसा. असं बारीक तपशिलातून जायचं हे मी पुस्तकात वाचलं होतं. नटांना शिकवणारा रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की, त्याने ज्याला भावस्मृती म्हटलं ते हेच. पहिल्या दिवशी ठशापर्यंत पोचायच्या आतच बांध फुटला. सगळा हॉल गप्प. तलाठी नजर चोरायला लागला. मी विजयी मुद्रेने दादांकडे बघितलं.

"रडलीस चांगली," दादा म्हणाले. "म्हशी किती गेल्या?"

"दोन."

"मला ऐकू आलं न्हाई."

रेकॉर्डिंग ऐकवलं. खरंच नव्हतं आलं. 'दोन म्हशी'चं 'दो... शी' झालं होतं, रेडकू गायब, ज्वारीची पोती हुंदक्यात वाहून गेली होती. रडताना घशात गोळा येतो तो काही नुसता शब्दांचा खेळ नाही. रडू यायला लागलं की शरीराला जास्त हवा पाहिजे असते, म्हणून घशाची फट मोठी उघडायला बघते. आवंढा गिळायचा तर तीच मिटावी लागते. या ओढाताणीचा तो गोळा. वर नाक. अश्रूंची ग्रंथी डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला असते आणि पाण्याचा निचरा आतल्या कोपऱ्यातल्या दोन बारीक भोकांतून थेट नाकात होतो. म्हणजे मनापासून रडणाऱ्या बाईचं पाणी गालावर येतं तसंच नाकातूनही येतं, आणि अनुनासिकं संपतात. 'मशीन'चं 'बशीड' होतं. पंचनाम्यात बशीड लिहून कुणाला भरपाई मिळालेली नाही.

ही पहिली अडचण. दुसरी जास्त वाईट होती आणि ती मला कुणी सांगितली नव्हती.

सहाव्या-सातव्या तालमीला ठसा आठवला आणि काहीच झालं नाही. मी पिशवीपासून परत सुरुवात केली. आठव्या तालमीला मी पिशवी जरा जास्त चुरगळली. नवव्या तालमीला लक्षात आलं की ठसा भिंगाच्या मधोमध सरकलाय, आधी तो कडेला होता. दहाव्या तालमीला मी त्याच्यावर दिवा टाकला. म्हणजे ती आठवण आता मीच बसवत होते, सेटवरच्या सामानासारखी. हे तालमीपुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. घरी आईने कपाट आवरताना तोच चष्मा बाहेर काढला, आणि मला एकच गोष्ट जाणवली: ठसा पुसला गेलाय, आता प्रयोगाला काय वापरू? आई माझ्याकडे बघत होती. मला तिच्यासमोरून उठून जावंसं वाटलं.

त्याच सुमाराला काकूंनी पोलस नावाच्या ग्रीक नटाची गोष्ट सांगितली. सोफोक्लिसच्या 'इलेक्ट्रा'मध्ये भावाच्या अस्थींचा कलश हातात धरून शोक करायचा प्रसंग आहे. या पोलसने नाटकातल्या कलशाऐवजी स्वतःच्या मुलाच्या अस्थींचा कलश रंगमंचावर आणला आणि खराखुरा आक्रोश केला. रोमन काळापासून ही गोष्ट नटाच्या मोठेपणाची म्हणून सांगितली जाते. माझ्या डोक्यात एवढंच आलं की गोष्टीत एकाच प्रयोगाचं वर्णन आहे. तालमी किती केल्या ते नाही. पुढे वाचताना कळलं की खुद्द स्तानिस्लाव्हस्कीनेही नंतरच्या वर्षांत आठवणी उकरण्यापेक्षा शारीरिक क्रियांवर भर दिला. ते पान मी जरा उशिरा उघडलं.

दिवाळीत भिलवडीला थोरल्या आत्याकडे गेले. आत्या ७८ वर्षांची. मयताला रडावं तर तिने, असं पाच गावांत बोललं जातं. ती गळा काढते म्हणजे हेल काढून, मेलेल्या माणसाचे गुण सांगत रडते. बाबा गेले तेव्हा ती अंगणात बसून रडत होती, "माझ्या पाठच्या रं, मला भाकरी मोडून देणाऱ्या रं..." आणि मध्येच थांबून, अगदी रोजच्या आवाजात, माझ्याकडे वळून म्हणाली होती, "पावण्यास्नी चा टाकलाय का गं? पातेलं मोठं घे." आणि पुढच्या श्वासाला जिथे सोडला होता तिथूनच तो सूर धरला. त्या वेळी मला त्याचा संताप आला होता. हिचं दुःख खोटं, असं मी नवऱ्याला म्हणालेही. तिचा धाकटा भाऊ गेला होता, त्यानंतर ती दोन महिने नीट जेवली नव्हती, हे मला दिसत असूनही.

दिदेरो नावाच्या फ्रेंच लेखकाने अठराव्या शतकात नटाच्या या कोड्यावर अख्खा संवाद लिहिला: खरा मोठा नट आतून थंड असतो, रडवतो पण स्वतः रडत नाही. नाटकवाले त्यावर आजही हमरीतुमरीवर येतात. आमच्या आत्याने तो वाद चहाच्या पातेल्यापाशी मिटवला होता. ती पूर्ण रडत होती आणि तिला पाहुणे किती ते माहीत होतं.

मी तिला म्हटलं, आत्या, एकदा करून दाखव ना. ती उखडली. "कुणी मेल्याबिगर रडू व्हय? सणासुदीचं? अवदसा कुठली." पण संध्याकाळी शेंगा फोडता फोडता आपण होऊन म्हणाली, "शब्द आधी संपवायचा, मग दम सोडायचा. दम आधी सोडलास तर लोकास्नी कळत न्हाई कोण गेलं ते."

हे एक वाक्य घेऊन मी सांगलीला आले.

दादांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या करून आणल्या, मुलांच्या खेळात करतात तशा. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द. हुंदका. मुसमुसणं. स्फुंदणं. हंबरडा. टाहो. उमाळा. कढ. गहिवर. ओक्साबोक्शी. मुळुमुळु. धाय मोकलून. "एकेक उचल आणि करून दाखव. डोळ्यांत पाणी आलं तर पुसून टाक, त्याचं काम न्हाई."

ते तीन दिवस या सगळ्या प्रकारातले सगळ्यात मजेचे. आपल्या भाषेने रडण्याचे एवढे प्रकार वेगळे काढून ठेवलेत आणि प्रत्येकाचा श्वास वेगळा आहे, हे मला पंचेचाळीस वर्षं मराठी बोलून कळलं नव्हतं. हुंदका हा आत घेतलेला श्वास आहे. तो तुटक असतो, छातीच्या वरच्या भागात बसतो आणि त्याच्यावर शब्द बोलता येत नाही. शब्द त्याच्या आधी तरी यायला हवा नाहीतर नंतर. मुसमुसताना तोंड बंद, सगळा कारभार नाकाने, खांदे जवळजवळ स्थिर. स्फुंदताना श्वास तुकड्यातुकड्याने आत जातो आणि बाहेर येताना थरथरतो, त्या थरथरीवर मात्र बोलता येतं, हळू पण स्पष्ट. हंबरडा पोटातून येतो, गाय हंबरते तसा, आणि त्याला तोंड पूर्ण उघडावं लागतं. तो एकदाच फोडता येतो, दुसऱ्यांदा फोडला की प्रेक्षक हसतात. (आमचे हसले. म्हणजे तलाठी आणि नेपथ्यवाला.) टाह्याला समोर कुणीतरी लागतं, ज्याला हाक मारायची. कढाला बाहेर काहीच होत नाही. फक्त गळ्याची घाटी वरखाली होते आणि माणूस भलत्याच गोष्टीकडे बघायला लागतो. मुळुमुळु मला जमलंच नाही. ते लहान मुलांचं आणि लबाड माणसांचं.

घरी गच्चीवर सराव चालायचा. तिसऱ्या रात्री हंबरड्यानंतर खालच्या मजल्यावरच्या वहिनी पदराला हात पुसत धावत वर आल्या. "कोण गेलं?" मी म्हटलं, दोन म्हशी आणि एक रेडकू. त्यांनी पुढचे चार दिवस माझ्याशी बोलणं टाळलं.

मग दादा आणि मी यादी पुढे घेऊन बसलो आणि कुठल्या वस्तूला कुठला श्वास ते पेन्सिलने लिहीत गेलो. म्हशींना काही नाही, सरळ हिशेब. रेडकाला कढ. पोत्यांना परत सरळ. शिलाई मशिनीवर स्फुंदणं सुरू. नवऱ्याचा उल्लेख यादीत नाहीच, तलाठी विचारतो, "आणि?" आणि ती भांडी सांगायला लागते. हंबरडा आम्ही काढून टाकला. मला वाईट वाटलं, कारण एव्हाना तो चांगला यायला लागला होता.

अजून एक गोष्ट बिघडत होती: माझे हात. श्वास बरोबर यायचा आणि हात मात्र पोटाशी जोडलेले, शाळेत कविता म्हणताना असतात तसे. दादांनी एक नऊवारी बादलीत बुडवून समोर ठेवली. चिखलातून काढलेली साडी, ही धुतेय, तलाठी आलाय, धुता धुता सांग. नऊ वार ओलं सुती कापड पिळायला किती जोर लागतो हे ज्याने कधी पिळलं नाही त्याला कळणार नाही. दंड ताठतात, दात आवळले जातात, दम आपोआप कोंडतो आणि पीळ सोडताना आपोआप सुटतो. म्हणजे जो श्वास मी महिनाभर नाकातोंडाने घडवत होते तो पीळ देतानाच शरीर तयार करत होतं. 'शिलाई मशीन' हा शब्द मी पीळ पूर्ण आवळलेला असताना म्हटला आणि सोडताना स्फुंदले. बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. डोळ्यांत पाणी आलं की नाही हे मला त्या दिवशी तपासायचं सुचलं नाही. सासूबाईंनी सांगितलं, आलं होतं.

याचं शास्त्र नंतर वाचनात आलं. चिलीमधल्या सुझाना ब्लॉक या शास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात भावना आणि श्वासाचा नमुना यांचा संबंध तपासला होता, आणि त्यातून नटांसाठी एक पद्धत काढली. दुःखाचा श्वास नाकाने तुटक-तुटक आत, तोंडाने बाहेर, नजर खाली. श्वास, चेहरा आणि अंग तसं ठेवलं की भावना मागून येते. मला त्यातला जास्त उपयोगी वाटला तो दुसरा भाग: बाहेर पडण्याचा. भावनेचा नमुना करून झाला की मुद्दाम सावकाश, एकसारखे श्वास घ्यायचे, हातांनी चेहरा चोळायचा, बसण्या-उभं राहण्याची ढब बदलायची. हे मला कुणीतरी बाबांच्या चष्म्याच्या आधी सांगायला हवं होतं. त्या तालमींनंतर मी तशीच स्कूटरवर बसून घरी यायचे आणि रात्री दोनपर्यंत छतावरचा पंखा बघत पडायचे. आता तालीम संपली की विंगेत दहा श्वास, तोंड चोळणं, आणि तलाठ्याला एक शिवी. शिवी आमची भर.

प्रयोग भावे नाट्यमंदिरात झाला. दुसऱ्या अंकात पडदा उघडला तेव्हा मी आधीच बादलीपाशी होते. पाणी थंड होतं. नेपथ्यवाल्याने सकाळीच भरून ठेवलेलं. म्हशी झाल्या. रेडकावर कढ आला, तो मी खालच्या बादलीकडे बघून गिळला. पोत्यांवर तिसऱ्या रांगेत कुणाचा तरी मोबाइल वाजला. तलाठ्याने, त्याला शंभर गुण, लिहिता लिहिता हात थांबवला आणि वाजणं बंद होईपर्यंत तसाच उभा राहिला, जणू पेनातली शाई आटली. मग मी पीळ आवळला. 'शिलाई मशीन' म्हटलं. मला माझा 'म' स्वच्छ ऐकू आला आणि त्या क्षणी मी मनातल्या मनात खूश झाले, हे कबूल करते. एक बाई नवऱ्याची मशीन वाहून गेली म्हणून स्फुंदत होती आणि तिच्याच आत बसलेली दुसरी बाई अनुनासिक नीट आल्याचा आनंद मानत होती. पातेलं मोठं घे, म्हणतात ते हेच असावं. अंधारातून नाकं ओढल्याचे आवाज आले. माझंही नाक वाहायला लागलं होतं, ते मी दंडाला पुसलं, कारण दोन्ही हात साडीत होते. हे तालमीत कधीच झालं नव्हतं. नंतर दोघातिघांनी मुद्दाम येऊन सांगितलं की दंडाला नाक पुसलं ते फार बारकाईने बसवलंय.

अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र सासूला मिळालं. अख्ख्या नाटकात ती एकदाही रडत नाही.

बाबांची ती आठवण अजून जागेवर आलेली नाही. चष्मा बघितला की मला तालमीचा हॉल दिसतो, बामचा वास येतो. आता नाटकात रडायचं असलं की मी घरातलं काही घेत नाही, बादली मागते.

आत्याला भाच्याने गाडी करून भिलवडीहून आणलं होतं. ती दुसऱ्या रांगेत बसली होती. प्रयोगानंतर रंग पुसत होते तेव्हा तिला आत घेऊन आले. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"रडलीस ब्येस," आत्या म्हणाली. "पर लुगडं नीट पिळलं न्हाईस. दोरीवर टाकलंस तवा धार लागली हुती."